गिरिजाबाईचा ठेका

दार ओढून घ्या आधी. आणि ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच उठून जावं. सिद्धलिंग माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला पोरगा, खोटं बोलणाऱ्यांतला नव्हे.

पुण्यात तो मेंदूचा अभ्यास करायचा. कापाकापी नाही काही. डोक्याला तारांची टोपी घालून, हात हलताना मेंदूत उठणारा ठेका यंत्रात टिपायचा. मग दोन ओल्या पट्ट्यांतून मुंगी चावल्याइतकी वीज सोडून तोच ठेका त्या डोक्याला परत द्यायचा आणि हात कसा चालतो ते बघायचा. त्यासाठीच तेरखेड्याला खेपा. फटाक्यांच्या लडी विणणाऱ्या बायांची बोटं नुसती पळतात.

सगळ्यांत सुरेख ठेका गिरिजाबाईचा. उन्हाळ्यात टिपला, आणि पावसाळ्यात ती फटाक्यांच्या शेडला लागलेल्या आगीत गेली. तिची अर्धी विणलेली लड जावेनं, प्रेमाबाईनं, चितेवर टाकली. रीतच आहे त्यांच्यात. मेलेल्या बाईचं विणकाम कुणी पुढं न्यायचं नाही.

सिद्धलिंगला ते ठाऊक होतं. पण गेलेल्या बाईचा ठेका जिवंत हातात उतरतो का, हे बघायची खाज! गेल्या साली, घटस्थापनेच्या आदल्या रात्री, प्रेमाबाईच्या ओसरीवर यंत्र मांडलं. तिला वाटलं, नेहमीसारखा आपलाच ठेका. यानं गिरिजाबाईचा सोडला. मला अजून त्याचा राग येतो.

प्रेमाबाईची बोटं हलली. हातात दोरा नाही... तरी विणू लागली.

"सायेब, बंद करा. ह्यो माजा हात न्हाय."

त्यानं बटण दाबलं. पट्ट्या ओढून काढल्या. वायर उपटली.

बोटं थांबेनात.

"जाऊबाई... सोडा मला... म्या काय केलं ओ..."

मान हळूच वळली. त्याच्याकडं. आवाज प्रेमाबाईचा नव्हता.

"अर्धी ऱ्हायलीय माजी. पुरी कोन करनार? तू?"

आणि हात थांबला. प्रेमाबाई रडत उठली, त्याला शिव्या घालून हाकललं. बरंच केलं.

गाडी दामटत तो सास्तूरला, गावच्या घरी पोचला. बायको, शिवप्रिया, न्हाऊन केस मोकळे सोडून झोपलेली. याचा उजवा हात आपसूक ठेका धरत होता. त्यानं तो अंगाखाली दाबून धरला. कधीतरी डोळा लागला.

सकाळी शिवप्रिया किंचाळली.

तिचे केस मुळापासून विणलेले. लडीसारखे. घट्ट. याला साधी वेणी येत नाही... आणि याच्याच बोटांना चिरा पडलेल्या.

केसांच्या टोकाला वात होती.

पेटून विझलेली.