भट्टी नंबर दोनचा रिलिव्हर

माझं कामच प्लॅनिंगचं. भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये कुठल्या मशीनवर कुठल्या दिवशी किती नग निघायचे हे मी ठरवते. म्हणजे ठरवते मी आणि मोडतात बाकीचे, पण ते जाऊ दे. घरातही माझा तोच खाक्या. सिलिंडर कधी संपणार, पाण्याची टाकी कधी धुवायची, सगळं मला आधी माहीत असतं. त्यामुळे भाटवण्याला जायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा एक्सेलची शीट उघडली.

भाटवणे दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आहे. एक धक्का, पन्नासएक होड्या, सुरूचं बन आणि कोळ्यांच्या घरात पाहुण्यांसाठी चारदोन खोल्या. तिथं बघण्यासारखं काहीही नाही, असं ऑफिसातली उत्कर्षा सांगत होती. सकाळी होड्या लागतात, संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, मधल्या वेळात सगळं गाव झोपतं. मला नेमकं तेच हवं होतं. मला माझा नवरा झोपलेला बघायचा होता.

बुद्धरत्न चाकणला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर ऑपरेटर आहे. ऑक्टोबरपासून त्याची झोप उडाली होती. कामावर जायचा, यायचा, ताटात वाढलेलं खायचा आणि आकुर्डीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रावेतच्या बाजूला तोंड करून बसायचा. विचारलं तर 'काही नाही'. पूर्वी हा माणूस इतका बडबडायचा की मी म्हणायचे, बाबा रे, थोडा श्वास घे. आता त्याचा आवाज ऐकायला मी तरसले होते. मला माझा नवरा परत हवा होता, एवढीच त्या सहलीची गोष्ट.

कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याचा मित्र जयसिंग ऑक्टोबरात वारला. औशाकडचा माणूस, त्याच भट्टीवर उलट्या शिफ्टला. मला वहिनी म्हणायचा, त्याच्या बायकोचं नाव कुसुम. जन्मात समुद्र बघितला नव्हता. चार वर्षं दोघांचं भाटवण्याला जायचं घाटत होतं आणि दर वेळी एकाची सुट्टी मंजूर झाली की दुसऱ्याची रद्द व्हायची.

भट्टीचा एक नियम आहे. ती चालू असताना सोडून जायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येतो, तापमान बघतो, रजिस्टरवर सही करतो आणि म्हणतो, "घेतली." तो शब्द कानावर पडल्याशिवाय जाणाऱ्यानं हातमोजेसुद्धा काढायचे नसतात. त्या दिवशी सकाळी सातला बुद्धरत्ननं पोचायला हवं होतं. तो पोचला नऊला. जयसिंग थांबला होता. साडेआठच्या सुमाराला तो भट्टीशेजारच्या स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं, घरी असता तरी पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सगळेच तसं म्हणायचे. बुद्धरत्न ऐकून घ्यायचा.

कोणाला माहीत नव्हतं ते हे, की त्या दिवशी पावणेपाचचा त्याचा गजर मी बंद केला होता. सहा दिवस ओव्हरटाइम करून तो तोंड उघडं टाकून झोपला होता. मला दया आली. म्हटलं, जाऊ दे अर्धा दिवस, झोपू दे. नंतर त्याला सांगितलं, फोनची बॅटरी उतरली होती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, आमच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, मी भाटवण्याला फोन लावला. खोलीच्या मालकीणबाईंचं नाव चतुराबाई.

"खोली हाय गो बाय," त्या म्हणाल्या. "पण तुमचा माणूस कवाच येऊन राहिलाय."

"कुठला माणूस?"

"आकुर्डीचे ना तुम्ही? तो बोललाय, आकुर्डीचे मागनं येतील म्हणून. खोलीत काय राहत नाय. धक्क्यावर बसून असतो. राखाडी शर्ट, खिशावर लाल पट्टी."

तो बुद्धरत्नच्या कंपनीचा शर्ट. पण तसा शर्ट घालणारे हजारभर लोक रोज चाकणच्या बसमधून उतरतात. असेल कोणीतरी. मी पुढच्या गुरुवारचं बुकिंग केलं आणि शीटमध्ये 'गैरसमज, पुन्हा फोन करणे' अशी नोंद टाकली.

त्याच आठवड्यात बुद्धरत्न झोपायला लागला. कामावरून आला की आडवा व्हायचा आणि गाढ झोपायचा. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला शिरा नेऊन दिला. नुसत्या ठरवण्यानं एवढा फरक पडतोय, तर गेल्यावर काय होईल, असं वाटलं.

मग त्याचे कपडे धुताना मी थबकले. भट्टीवरच्या माणसाच्या शर्टवर घामाचं मीठ असतंच, पांढरे नकाशे उमटतात. पण हे मीठ पँटवर होतं. दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या खाली, एका सरळ रेषेत. बुटांतून वाळू निघाली. त्याच्या कंपनीशेजारी फाउंड्री आहे, वाळू तिथली असणार. फाउंड्रीतली वाळू काळी असते. ही तपकिरी होती आणि तिच्यात पांढरे बारीक कण होते. मी ती कचऱ्यात टाकली.

"कॅन्टीनला आज बोंबील होते का?" मी त्याला विचारलं. शर्टाला वास येत होता.

"डाळभात होता," तो म्हणाला आणि हसला. तीन महिन्यांनी हसला होता. मी पुढं काही विचारलं नाही.

मंगळवारी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून चतुराबाईंना दुसरा फोन केला. जेवण कमी तिखट करा, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"बाय, तुमच्या माणसाला घेऊन जावा. पाणी देतो तर पीत नाय. ऊन असो, काय असो, हातमोजे काढत नाय. रोज सकाळी आमच्या माणसांना इचारतो, फर्स्ट शिफ्टची गाडी आली काय. आमच्या गावात कुठली गो शिफ्ट?"

"नाव काय सांगतो?"

"जयसिंग."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. कंपनीतल्या कोणा नालायकाची ही थट्टा असेल तर त्याला मी सोडणार नव्हते. "त्याला फोन द्या," मी म्हटलं.

"फोन घेत नाय. बोलतो, भट्टीजवळ फोनला बंदी हाय."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"माणूस वाईट नाय हो," चतुराबाई हळूच म्हणाल्या. "मी त्याला बोलले, तुझा बदली माणूस बरा, तुला इथं टाकून दिलान. तर म्हणतो, त्याच्यावर राग नाय. त्याचा काय दोष? बायकोनं गजर बंद केलान."

वरून शिपाई हाका मारत होता. खालच्या मजल्यावर प्रेस आपटत होते आणि त्यांचे हादरे पायरीतून माझ्या अंगात येत होते. मी बुकिंग रद्द करा म्हणून सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

बुद्धरत्न साडेचारला आला. तो बुटांच्या नाड्या सोडत होता तेव्हाच मी सगळं बोलून टाकलं. गजराचं. बॅटरीचं खोटं. फोनबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाही. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान उठून गॅलरीत जाईल. तो तसाच वाकलेला राहिला.

"मी जागा होतो, आम्रा," तो म्हणाला.

"कधी?"

"तुझा हात उशीखाली आला तेव्हा. मला कळलं. मी डोळे मिटूनच राहिलो. म्हटलं, जयसिंग आहे, घेईल सांभाळून."

मग तो रडला. मीही रडले. तीन महिने एकाच घरात आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केसांत हात फिरवला तर बोटांना खरखर लागली.

"तो सोडायचा नाही," डोळे पुसत तो म्हणाला. "कुणीतरी जाऊन 'घेतली' म्हटल्याशिवाय तो जागेवरून हलायचा नाही. त्याचा स्वभावच तसा."

"तुला कोणी सांगितलं?"

"दिसतो मला. झोपलो की."

"आपण भाटवण्याला जाणार नाही," मी म्हटलं. "मी रद्द केलंय. आणि तू एकटाही जाणार नाहीस. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

 मग त्यानं हात ठेवला. "घरातून पाऊल बाहेर टाकणार नाही," म्हणाला. त्याचा तळवा गार आणि ओलसर होता.

बुधवारी मी त्याला कामावर जाऊ दिलं नाही. गुरुवारीही रजा टाकायला लावली. आतून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. अशी अडाण्यासारखी वागणारी बाई मी नाही, पण लाज वाटायची वेळ निघून गेली होती. सकाळी आठला त्याला उपमा दिला. त्यानं सगळा खाल्ला, चांगला झालाय म्हणाला. मग दिवाणावर आडवा झाला.

"झोपू नकोस," मी म्हटलं.

"पाचच मिनिटं, आम्रा. तू आहेस ना इथं?"

मी त्याच्या समोर खुर्ची टाकून बसले. त्याचा हात हातात धरून ठेवला. खालून भंगारवाला गेला. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गाद्या झोडत होतं. त्याचा श्वास लांब लांब होत गेला, अगदी एका तालात. मी दोनदा हलवलं, तो जागा झाला नाही. तिसऱ्यांदा हलवणार होते, तेवढ्यात त्यानं स्वतःच डोळे उघडले.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा ठेवायला गेले. चहा आणून दिला. तो दिवाणावर उठून बसला होता. त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला.

तेव्हा फोन वाजला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सुटला गो बाय तुमचा माणूस," चतुराबाई म्हणाल्या. त्यांच्या मागं वारा होता आणि माणसांचा गलका. "आत्ता होड्या लागत होत्या तेव्हा दुसरा आला. कुठनं आला, कोणी बघितला नाय. जवळ गेला नि एकच शब्द बोलला."

"काय बोलला?"

"घेतली, बोलला. पहिल्यानं हातमोजे काढलेन, त्याच्या हातात दिलेन, नि गेला चालत."

माझी नजर दिवाणावर होती. बुद्धरत्न चहा पीत होता. माझा नवरा, माझ्यासमोर, माझ्या घरात.

"दुसरा कसा आहे दिसायला?"

"उंच हाय. चष्मा हाय. डाव्या भुवईत खोक हाय जुनी."

ती खोक आयटीआयमध्ये असताना पडली होती. टाके घालताना मी सोबत होते.

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हटलं. "ते इथं बसलेत. मी बघतेय त्यांना."

"तसं कसं, बाय?" त्या गोंधळल्या. "तुमचं नाव घेतलंन त्यानं. आम्राला सांगा म्हणाला, छान हाय इथं. तिनं वाट बघू नये."

फोन बंद झाला की मी केला, आठवत नाही.

दिवाणावरच्या माणसानं चहा संपवला. चष्मा काढला, दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघितला आणि उशीवर ठेवून दिला. कप घेऊन तो मोरीकडे गेला. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, बुद्धरत्ननं कधी स्वतःचा कप विसळला नाही. यानं तो विसळला, पुसला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

मग दाराशी जाऊन उभा राहिला. हात बांधून, नजर खाली.

"येतो, वहिनी," तो म्हणाला. "लई उशीर झाला. कुसुम घरी वाट बघत असंल."