उघडीप

सावली कशी पडते हे शिकवायला वाघजाळीच्या शाळेत दिवा लावावा लागे. खिडक्या झाकायच्या, टेबलावर दिवा ठेवायचा, त्याच्यासमोर हात धरायचा, की मागच्या भिंतीवर उमटायची ती सावली. बाहेर अंगणात ती कधी पडत नसे. भर दुपारीसुद्धा उजेड सगळ्या बाजूंनी सारखाच झिरपायचा, दुधट आणि थंडगार. आकाशाला रंग असतो हे मुलांना चित्रांवरून ठाऊक होतं.

या दुधट थराला लोक ‘साय’ म्हणत. उन्हाळे माणसं मारायला लागले, तेव्हा विमानांनी उंचावर अतिसूक्ष्म कण पसरायला सुरुवात केली. कण ऊन अडवत आणि उरलेला उजेड विखरून टाकत. काही आठवड्यांत ते खाली बसत, म्हणून विमानांना पुन्हा पुन्हा यावं लागे. हे विशाखा मुटकुळेच्या जन्माच्या सुमारास सुरू झालं. आता ती वाघजाळीच्या पीक संशोधन केंद्राची प्रमुख होती, आणि निळं आकाश तिने स्वतः एकदाही पाहिलेलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी, दत्तराव अण्णांनी, ते पाहिलं होतं. अण्णा एसटीचे ड्रायव्हर. संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी हाकताना सूर्य काचेतून थेट डोळ्यांत यायचा, मग हाताची आड करून गाडी चालवावी लागायची, हे ते सांगत. हल्ली त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी विशाखाला बाजूला घेऊन काय ते स्पष्ट सांगितलं होतं.

त्याच सुमारास प्रकाश नियमन मंडळाकडून विचारणा आली. हवेतले उष्णता धरून ठेवणारे वायू आता पुष्कळ कमी झाले आहेत, साय काढता येईल का हे पाहायचं आहे. वाघजाळीच्या टापूवर आठ दिवस कण पसरायचे नाहीत, उलट असलेले खाली उतरवायचे. अशा उघडिपीला पिकं टिकतील का? विशाखाने हो म्हटलं, तरच ती होणार होती.

“मग टिकतील का?” रात्रीची भाकरी कुस्करता कुस्करता अण्णांनी विचारलं.

“तेच तर कोडं आहे, अण्णा. आपलं सोयाबीन बिनढाल आहे.”

“ढाल कसली?”

विशाखाने क्षणभर विचार केला. “पानावर पडणारा उजेड म्हणजे स्टँडवरची गर्दी समजा. गाडीत जागा असते तेवढेच प्रवासी घेता येतात. बाकीचे चढायला लागले तर?”

“दारं मोडतील. काचा फुटतील.”

“पानाचंही तसंच. कडक उन्हात जेवढा उजेड येतो, त्यातला थोडाच त्याला अन्न करायला वापरता येतो. उरलेली ऊर्जा आतच घुटमळली, तर ती हरितद्रव्यच जाळत सुटते. म्हणून पानात एक पिवळं रंगद्रव्य असतं. ऊन वाढलं की काही मिनिटांत ते रूप बदलतं, आणि जास्तीची ऊर्जा उष्णता करून बाहेर सोडून देतं. तीच ढाल.”

“म्हणजे कंडक्टर. गाडी भरली की दार लावून घेणारा.”

“अगदी बरोबर. पण हा कंडक्टर जरा सुस्त. गर्दी ओसरली, ढग आला, तरी लवकर दार उघडत नाही. तेवढा वेळ गाडी अर्धी रिकामी धावते, उजेड वाया जातो. साय आल्यावर गर्दी कधी होणारच नव्हती. मग आधीच्या शास्त्रज्ञांनी ती ढालच काढून टाकली. उत्पादन तिपटीच्या आसपास गेलं.”

“कंडक्टरच कमी केला म्हणा की,” अण्णा हसले. उघडीप कर, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ताट उचलताना मात्र त्यांची नजर खिडकीबाहेर, वर गेली.

प्रयोगशाळेतल्या दिव्यांखाली बिनढाल पानांनी तग धरला होता, पण दिव्यांचा उजेड उन्हाइतका प्रखर नव्हता. शेतं ओली ठेवली तर पहिले दोन-तीन दिवस निभतील याची विशाखाला खात्री होती. पुढच्या दिवसांची नव्हती. मंडळाच्या लोकांना तिने सांगितलं, “टिकतील.” आपण हे कोणासाठी सांगतो आहोत, ते तिला बोलता बोलताच कळत होतं.

उघडिपीच्या सकाळी सगळं गाव माळावर जमलं. विशाखाने अण्णांची खुर्ची बाहेर आणली. पूर्वेकडे साय आधी विरळ झाली, मग तिला भोकं पडली, आणि भोकांमधून निळाई दिसायला लागली. विशाखाला वाटलं होतं, ते चित्रातल्यासारखं एखादं छत असेल. ते छत नव्हतंच. त्याला तळ नव्हता. तिने पटकन खुर्चीचा दांडा धरला.

अण्णा कितीतरी वेळ मान वर करून बसले होते. “हेच,” एवढंच म्हणाले.

मुलं स्वतःच्या सावल्यांवर उड्या मारत होती. पण तासाभरातच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, काहींचे गाल लाल झाले. सरपंच गोदावरीबाई नागरे यांनी आपल्या नातीला पदराखाली घेऊन घरी नेलं. दुपारपर्यंत माळावर म्हातारी माणसंच तेवढी उरली.

पहिले दोन दिवस पिकं ठीक होती. तिसऱ्या दिवशी शेंड्यांची पानं फिकट दिसली. चौथ्या दिवशी शिरांच्या मधला भाग कागदासारखा पांढरा पडला. हिरवं जळून गेल्यावर उरतो तो पांढरा. पान चुरडलं की हातात भुगा यायचा. विशाखा पाणी सोडत राहिली, पण पाण्याने भागणारं नव्हतं. पानं तहानलेली नव्हती, ती उजेडाने पोळत होती. नजर पोचेल तिथवर शेतं पांढरी होत चालली होती.

केंद्राच्या कोपऱ्यात एकच वाफा हिरवा राहिला. तो जुन्या बियाण्याचा, ढाल शाबूत असलेल्या सोयाबीनचा. दुपारी त्याची पानं किंचित मलूल व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा ताठ.

पाचव्या दिवशी चावडीवर ग्रामसभा बसली. पिकं जळताना पाहून मंडळाने आठ दिवस पुरे होण्याआधीच पुढची निवड इथल्या गावांवर सोपवली होती. विशाखा उभी राहिली. “पिकं टिकतील असं मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मला खात्री नव्हती. तरीही मी सांगितलं.”

कोणीतरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. लोक ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“आता दोन वाटा आहेत,” तिने पुढे सांगितलं. “एक, आकाश उघडं ठेवायचं आणि जुनं बियाणं पेरायचं. ते ऊन सोसेल. पण पीक तिसऱ्या हिश्श्यावर येईल, आणि बियाणं वाढवण्यात काही वर्षं ओढगस्तीची जातील. दुसरी, साय परत आणायची आणि बिनढाल पीक पुन्हा पेरायचं.”

“तिसऱ्या हिश्श्यात पोटं भरतील?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“सगळ्यांची नाही. लोकसंख्याच बिनढाल पिकाच्या बेताने वाढली आहे.”

“आणि साय आणली, तर ती किती दिवस ठेवायची?”

“कायमची. झाडाची ढाल आपण काढली, आता ती आपल्यालाच वर धरावी लागेल. विमानं एक हंगाम जरी थांबली, तरी हे असं सगळीकडे होईल.” तिने बाहेरच्या पांढऱ्या शेतांकडे हात केला. “जितकी वर्षं जातील, तितकं परत फिरणं अवघड होईल. म्हणून आज थोडं सोसावं असं मला वाटतं.”

“थोडं कोणी सोसायचं ते सांग, विशाखा,” गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या. “कोणाच्या घरातल्यांनी?”

विशाखा खाली बसली. मग गोदावरीबाईंनी हात वर करायला सांगितलं. साय परत आणावी, यासाठी एकेक करून हात वर गेले. भिंतीला टेकून बसलेल्या अण्णांचा हातही त्यांत होता. दुसऱ्या हाताने त्यांनी त्याचं कोपर धरलं होतं.

घरी परतताना विशाखाने शेवटी विचारलं, “तुम्ही का, अण्णा? तुम्हाला तर...”

“मी पाहिलं. मन भरलं,” ते म्हणाले. “आता माझ्या बघण्यापायी पोरांनी उपाशी राहायचं का? आणि तूही माझ्यापायीच हो म्हणालीस. मला का कळत नाही?” ते दम खायला थांबले. “पण एक सांग. ती विमानं उद्या कोणी अडवून धरली, तर?”

“तर आपण ते म्हणतील ते करू,” विशाखा म्हणाली. हे तिने सभेत सांगितलं नव्हतं. तिला ते आत्ताच सुचलं होतं.

विमानं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रांगेने, उंचावरून, मागे पांढरे पट्टे सोडत. पट्टे रुंदावले, एकमेकांत मिसळले. जळक्या शेतांमधून माणसं उभी होती. कोणीतरी हात जोडले, मग शेजारच्यांनीही जोडले. पाहता पाहता सगळं शिवार विमानांना हात जोडून उभं राहिलं.

दुपारपर्यंत निळ्याची एकच चिंधी पश्चिमेला उरली. अण्णा खुर्चीतून तिच्याकडे पाहत होते. शेजारच्या ओट्यावर गोदावरीबाईंची नात आजीच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती.

“झालं का बंद?” तिने विचारलं.

“झालं, बाळा. उघड डोळे.”

पोरीने मान वर केली, दुधट उजेडात इकडेतिकडे पाहिलं आणि सुटका झाल्यासारखी हसली. विशाखा रडायच्या बेतात होती. पण तिच्या ध्यानात आलं, की पाच दिवसांत प्रथमच आपले डोळे चुरचुरत नाहीत, कपाळावरची आठी सैल पडली आहे, आणि आपल्यालाही बरं वाटतं आहे.