सातपूरच्या घराची राखण

सातपूरच्या कॉलनीतलं वडिलांचं घर छायाच्या नावावर झालं, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. ती पिंपळगावला शिक्षिका. घर बंदच, घरपट्टी राहिली ती राहिलीच. शेवटी जप्तीची नोटीस दाराला चिकटली, तेव्हा कुठे एका संध्याकाळी ती सामान काढायला आली.

नळ तोडलेला, वीज नाही. आत उंदरांचा कोंदट वास. मोबाइलच्या उजेडात ती भांडी गोळा करत होती, तोच मागच्या दारापलीकडून खराट्याचा आवाज आला. खर्र... खर्र...

तिने दार उघडलं. सज्ज्याखालच्या अंधारात एक म्हातारी पाठमोरी झाडत होती.

“कोण?”

“मी चिमणाबाई. मागच्या गल्लीतली. पोरं खेळाया येतात ना इथं... हाकलावं लागतं.”

“तुम्ही कशाला त्रास घेता, मावशी?”

“घराकडं बघाया कोनी नाय ना, बाई...”

छाया शरमली. खराटा घ्यायला तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. म्हातारीने वळून तिच्या छातीवर तळहात टेकवला. ओल्या मातीसारखा गार.

“नको येऊ...”

त्या धक्क्याने छाया स्वयंपाकघरात उताणी पडली. त्याच क्षणी अख्खा सज्जा धाडकन खाली आला.

“मावशी!”

तिच्या किंकाळीने शेजारचे पुंजाराम धावत आले. दोघांनी वेड्यासारखे तुकडे उपसले. खाली कुणीच नव्हतं.

“चिमणाबाई?” पुंजाराम दबक्या आवाजात म्हणाले. “ती गेल्या शिमग्यातच वारली, ताई. जिवंत होती तोवर रोज इथं यायची. एकाही पोराला सज्ज्याखाली उभं राहू दिलं नाही.”

दुसऱ्याच दिवशी छाया महापालिकेत गेली. थकलेल्या घरपट्टीचे हप्ते बांधून घेतले, जप्ती टळली. घराची डागडुजी झाली, नळाला पाणी आलं. मग एका सकाळी ती नवं लुगडं घेऊन आली. पुढचं दार नुकतंच रंगवलं होतं, म्हणून त्याचं बाहेरचं कुलूप तसंच ठेवून ती मागून आत शिरली. मागच्या उंबऱ्यावर लुगडं ठेवून तिने हात जोडले.

“मावशी, तुमच्यामुळे जगले. आता हे घर मी बघीन.”

तिचे डोळे भरून आले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

तेवढ्यात पुढच्या रिकाम्या खोलीतून, अगदी जवळून, एका पुरुषाचा थकलेला आवाज आला.

“ताई... म्या पुढचं दार राखत होतो. जाऊ का आता?”

छायाने वळून पाहिलं नाही.

“जा, दादा...” ती कशीबशी म्हणाली. “लय उपकार झाले तुमचे.”

पुढचं दार करकरलं. पावलं सावकाश पायऱ्या उतरली.

बऱ्याच वेळाने ती बाहेरून वळसा घालून पुढे गेली. कुलूप लागलेलंच होतं.