नेलपॉलिशच्या वाकड्या रेघा

"थांब! चावी फिरवू नकोस!" नेरेइदा बॉनेटखालून ओरडली.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या तिच्या धाकट्या भावाने, होसुएने, दचकून हात मागे घेतला. दहा वर्षांच्या होसुएला ही चावी आठवड्यातून एकदाच, शनिवारी, फिरवायला मिळायची. त्यात मावशीकडे पोन्सेला सुट्टी घालवल्यामुळे मधले दोन शनिवार बुडाले होते.

"आता काय झालं?" तो कुरकुरला.

"रेघ तुटलीय."

"कसली रेघ?" शेजारचा यारिएल पेल्यातला गोठवलेला नारळाचा रस चाटत पुढे आला. तो तेरा वर्षांचा, म्हणजे नेरेइदापेक्षा एकाच वर्षाने मोठा. पण बोलायचा मात्र गावच्या मेयरसारखा. "पोरीला ऊन लागलं वाटतं!"

"तू आधी तो पेला इंजिनापासून लांब धर!"

गाडी होती चौऱ्याहत्तर सालची कोरोला. तिचं मूळचं इंजिन जेमतेम बाराशे सीसीचं. बाबा त्याला शिवणयंत्र म्हणायचे. ते काढून बाबांनी माझदाचं 'तेरा-बी' बसवलं होतं. ते आत मावावं म्हणून गिअरबॉक्सवरचा पत्रा हातोडीने ठोकून रुंद केला, इंजिन पेलायला नवा आडवा बार वेल्ड केला. चार वर्षं लागली! त्यांच्या सालिनास गावात लोक नुसत्या आवाजावरून कोणाची गाडी गेली ते सांगतात. बाबांची गाडी निघाली, की पाववालासुद्धा म्हणायचा, "चालला बघा राफा!"

मग दोन वर्षांपूर्वी बाबा कामासाठी समुद्रापार ओरलँडोला गेले. जाताना नेरेइदाला म्हणाले, "हिला दर शनिवारी दहा मिनिटं चालू ठेव. जुलैत येतो. मग शर्यतीच्या पट्टीवर आपण दोघं धावू."

गेला जुलै हुकला. हा हुकणार नव्हता. फक्त अकरा दिवस उरले होते.

"आमचं गुपित आहे," नेरेइदा हलक्या आवाजात म्हणाली. "बाबा बोल्ट आवळायचे आणि मी त्यावर आईच्या नेलपॉलिशने रेघ काढायची. अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला, की रेघेचे दोन तुकडे जुळत नाहीत. हे बघ!"

इंजिन ज्या चार बोल्टांवर बसलं होतं, त्या चारही बोल्टांवरच्या रेघा तुटल्या होत्या.

"मग इंजिनावरच्या बाकीच्या रेघा कशा धड आहेत?" यारिएलने विचारलं.

नेरेइदा वाकून बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "या माझ्या नाहीत. या सरळ आहेत! मी रेघा काढल्या तेव्हा दहा वर्षांची होते. माझी एकही रेघ सरळ यायची नाही."

"मग चालू करून बघायचं का?" होसुएने आशेने विचारलं.

"नाही. आधी तपासायचं."

तिने इंजिनाचे खालचे दोन्ही प्लग काढले. बाबांनी शिकवलेलं तिला नीट आठवत होतं. या इंजिनात पिस्टन नसतात. दोन जाडजूड त्रिकोण फिरतात. पुढची पुली एक फेरा फिरली, की त्रिकोणाची एक बाजू हवा दाबते आणि प्लगच्या भोकातून एक फुंकर येते. तीन फेरे, तीन बाजू, तीन फुंकरी. तिन्ही सारख्या आल्या, तर इंजिन निरोगी.

होसुएने पुढच्या भोकासमोर कागदाची पट्टी धरली. यारिएल लांब पाना लावून पुली फिरवू लागला.

फुस्! कागद उडाला. फुस्! पुन्हा उडाला. तिसऱ्या फेऱ्याला कागद हललाच नाही.

"परत!" नेरेइदा म्हणाली.

"अगं, माझे हात गळून पडतील!"

"एकदा चुकूनही होऊ शकतं. परत फिरव!"

तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. दोन फुंकरी, मग काहीच नाही.

"बाबांच्या इंजिनाच्या तिन्ही बाजू ठणठणीत होत्या," नेरेइदा म्हणाली. "हे आपलं इंजिनच नाही. कोणीतरी बदललंय!"

"आय बेंदितो, अरे देवा!" यारिएल ओरडला. "अख्खं इंजिन? ते काय खिशात घालून नेलं?"

तिघांनी अंगण पालथं घातलं आणि उत्तर होसुएला सापडलं. आंब्याच्या जाड फांदीची साल ताजी खरवडलेली होती, साखळी घासावी तशी. खाली गवतावर ऑइलचा डाग होता.

"गाडी इथवर ढकलली, फांदीला साखळीची कप्पी अडकवली आणि इंजिन उचललं," नेरेइदा म्हणाली. "या गल्लीत कप्पी कोणाकडे आहे?"

कप्पी होती बाबांच्या धाकट्या भावाकडे. एडविनकाकाकडे, ज्याला सगळी पोरं तीओ म्हणायची.

"सरळ विचारलं, तर तो उडवून लावेल," यारिएल म्हणाला. "पण त्याची फुशारकी तुम्हाला माहीत आहे ना? माझ्यावर सोडा!"

दुपारी तीओ एडविन आपल्या वर्कशॉपमध्ये जुन्या स्टारलेटवर फडकं मारत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आबुएलो, म्हणजे बाबांचे आणि तीओचे वडील, पेंगत होते.

"काय तीओ, विकायला काढली का गाडी?" यारिएलने आत शिरताच विचारलं. "पाववाला म्हणत होता, एडविनच्या गाडीत आता दम नाही. म्हातारी खोकते तसा आवाज येतो म्हणे!"

"काय?" तीओ तटकन उठला. "त्या पाववाल्याला म्हणावं, रविवारी पट्टीवर ये! दम नाही म्हणे! हे बघ दम!"

आणि त्याने झटक्यात बॉनेट उघडलं.

होसुए टुणकन ड्रायव्हरच्या सीटवर चढला, काच वर केली आणि तोंडाने "ब्राप-ब्राप-ब्राप" करत स्टिअरिंग फिरवू लागला. नेरेइदा इंजिनावर वाकली. पाण्याच्या पंपाच्या बोल्टांवर लाल रेघा होत्या. वाकड्या, थरथरत्या. एक तर इतकी घसरलेली, की बाबा तेव्हा हसत म्हणाले होते, "ही रेघ आहे की गांडूळ?"

"तीओ, हे गांडूळ माझं आहे," ती म्हणाली.

तीओचा चेहरा पडला. त्याने बॉनेटला हात घातला, पण यारिएलने ते वरच धरून ठेवलं.

आबुएलो जागे झाले होते. नेरेइदाने तुटलेल्या रेघा, कागदाची पट्टी, आंब्याची फांदी, सगळं क्रमाने सांगितलं. आबुएलोंनी काठी आपटली. "एडविन! सख्ख्या भावाचं इंजिन चोरलंस? लाज नाही वाटली?"

तीओ फडकं घेऊन पुन्हा गाडी पुसू लागला.

नेरेइदाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण सकाळपासून एक गोष्ट तिच्या डोक्यात जुळत नव्हती, आणि आता ती जुळली.

"तीओ, त्या इंजिनावर नव्या रेघा तू काढल्यास, फक्त खालचे चार बोल्ट विसरलास. पण रेघांचं तर फक्त मला आणि बाबांना माहीत होतं." ती त्याच्याकडे वळली. "तुला कोणी सांगितलं?"

तीओने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"राफानेच," तो म्हणाला. "इंजिनही त्यानेच दिलं, पोरी. फोनवर म्हणाला, 'ने तू, मला आता त्याचा काय उपयोग? फक्त पोरीने रेघा काढल्यात, तशा काढून ठेव. म्हणजे तिला कळणार नाही.'"

काचेआड होसुएची गाडी जोरात पळत होती. ब्राप-ब्राप-ब्राप! त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. यारिएलने बॉनेट हळूच खाली सोडलं.

आबुएलोंनी काठी रोखली. "सोमवारी ते इंजिन परत जागेवर बसवायचं," ते तीओला म्हणाले. "ती गाडी आता या पोरीची." मग त्यांनी नेरेइदाला जवळ घेतलं. "काय डोळे आहेत पोरीचे! काय डोकं! सालिनासच्या एकाही मेकॅनिकला हे जमलं नसतं!"

नेरेइदाने इंजिन शोधल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. पाववाल्याने पाठ थोपटली आणि गरम पाव फुकट दिला. आईनेही "शाबास" म्हटलं. पण इंजिन कोणी दिलं, का दिलं, हे तिने विचारलं नाही. नुसतीच भांडी विसळत राहिली. म्हणजे बाबा येणार नाहीत हे आईला आधीच कळलेलं होतं, या जुलैतसुद्धा.

सोमवारी तीओने आंब्याच्या फांदीला कप्पी लावली. ऊन उतरेपर्यंत तेरा-बी कोरोलात परत बसलं. चार बोल्ट नेरेइदाने स्वतः आवळले आणि नेलपॉलिशची बाटली होसुएच्या हातात दिली.

"मी काढू? खरंच?" तो हरखला. जीभ बाहेर काढून त्याने पहिली रेघ ओढली. वाकडी आली. "बाबा हसतील ना ही बघून? अजून नऊ दिवस!"

यारिएलने नेरेइदाकडे पाहिलं.

"हो, हसतील," ती म्हणाली. "पुढची काढ. हात हलू देऊ नकोस."