नजरमापक टिकली

“पहिला क्रमांक म्हणे. सुईत दोरा ओवायचा तर चष्मा शोधत फिरते, आणि म्हणे पहिला क्रमांक.”

ऋतुजा हे स्वतःशीच पुटपुटली. पण बाकावर हातभर अंतरावर तिची धाकटी जाऊ केतकी बसली होती. तिने पर्समधून चष्मा काढून पुसायला घेतला, एवढंच.

लातूरच्या वाचनमापन केंद्राने दोघींना बोलावलं होतं ते ऋतुजाच्याच तक्रारीवरून. जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर ती बारा वर्षं ब्लॉग लिहीत होती. शहरात क्रमांक दोनशेनव्वदावा. केतकीने परवा-परवा गच्चीवरून काय दिसतं ते लिहायला घेतलं आणि पहिली येऊन बसली. यात काहीतरी खोट आहे, असं ऋतुजाने लेखी कळवलं होतं. खोट निघाली नाही, तर आपण लिहिणं बंद करायचं, हेही ठरवलं होतं. घरी मात्र बोलली नव्हती. कारण सांगावं लागलं असतं.

डॉ. गुंजाळांनी समजावलं. कपाळावरची नजरमापक टिकली लावणाऱ्याची नजर कुठल्या पानावर किती वेळ थांबली ते टिपते. या घडीला कपाळावर असलेल्या टिकल्यांनी टिपलेल्या वेळेची बेरीज करून क्रमांक लागतो.

“आणि लावतं कोण ती?” ऋतुजाने विचारलं.

“तिथेच घोळ आहे. टिकली लावल्याशिवाय केंद्राबाहेर क्रमांक दिसत नाही, म्हणून फक्त ब्लॉग लिहिणारेच लावतात. शहरात तीनशेबारा. आणि ते दुसऱ्याचं वाचत नाहीत, आपापला क्रमांक बघत बसतात.”

“म्हणजे माझा ब्लॉग वाचणारे शिंपी?”

“मोजलेच जात नाहीत. पण सुटे भाग तुमच्याकडूनच मागवतात ना?”

मागवत होते. त्यावरच तर घराचा वरचा मजला चढला होता.

मग केतकीने तोंड उघडलं. पहिल्या क्रमांकावर तिला एक जाहिरात मिळाली होती, तीही महिन्याभरात काढून घेतली. त्या जाहिरातीवर कुणी बोटसुद्धा टेकवलं नव्हतं. ती चष्म्याकडे बघून म्हणाली, “मग मी पहिली कशी, डॉक्टर?”

“एका टिकलीमुळे. दिवसातून चाळीस वेळा येते, एकेका वाक्यावर थांबते. रागाने की लोभाने, ते यंत्राला कळत नाही.” कुणाची ते सांगायची नियमात सोय नाही, असं म्हणून ते उगाच कागद लावू लागले.

केतकी काच पुसत राहिली. ती कधीच स्वच्छ झाली होती.

ऋतुजाचा हात कपाळाकडे गेला. टिकली निघताना कातडीला जराशी चिकटली. तिने ती टेबलावर ठेवली, आणि केंद्राच्या भिंतीवरच्या क्रमांकांच्या पडद्यावर केतकीचं नाव एकवरून घसरत घसरत तीनशेच्या खाली गेलं. तिघांनीही ते पाहिलं. डॉक्टरांनी लावलेले कागद पुन्हा लावले.

“चूक शोधायला उघडते तुझं पान,” ऋतुजा म्हणाली. “रोज. सापडत नाही. हेवा वाटतो गं मला तुझा.”