गुरुवारचे नमुने

“आज तुमची वेळ नाहीये,” मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार अर्धवट उघडून तो म्हणाला.

मी चक्क वार चुकले होते! हातातल्या डबीत मँगनाइटची, म्हणजे मँगनीजच्या एका चुंबकीय ऑक्साइडची, चकती होती, आणि तिच्यापाशीच माझ्या प्रबंधाचं घोडं अडलं होतं. चुंबक जवळ आणला की तिचा विजेला होणारा विरोध घटायला हवा. पण चकती ढिम्म.

“पाचच मिनिटं... प्लीज?”

त्याने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “या. पण आत बोलायचं नाही. आवाजानेसुद्धा चित्र हलतं.”

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तोच चालवायचा. पडद्यावर करड्या कणांची दाटी उमटली.

“चकती भाजताना भट्टी फार तापवताय,” चित्र घेऊन झाल्यावर तो म्हणाला. “कण एकमेकांत मिसळून फुगलेत.”

“एवढ्यात कळलं?”

“कण बघण्यातच हयात चाललीये.”

मग दर गुरुवारी मी जाऊ लागले. भट्टी थोडी कमी, कण थोडे लहान. अर्धा-अर्धा तास आम्ही शेजारी गप्प बसायचो. पडद्याचा उजेड त्याच्या गालावर, बोटं बटणावर अलगद... आणि मी? कण सोडून सगळं बघायची.

“नाजूक झालेत आता,” एकदा तो म्हणाला.

“कोण?”

“कण!” तो कानापर्यंत लाल झाला.

सातव्या नमुन्याला चुंबक लावला आणि विरोध सपकन एक तृतीयांशाने घटला. सरांनी पाठ थोपटली. मी मात्र खट्टू. आता गुरुवारी जायचं कशाला?

तरी गेले. जुनीच चकती घेऊन.

तो बराच वेळ पाहत राहिला. “ही मागच्या महिन्यातली. कडेचा हा टवका माझ्याच चिमट्याने उडालाय.”

मी रिकामी डबी मिटली. “दुसरं कारण सुचलं नाही... यायला.”

त्याने मशीन बंद केलं. “सोमवारी मी चाललोय. दुसऱ्या शहरात नवं मशीन बसवायला. दोन वर्षं.”

“दोन...?”

“तुमच्या नंतरची वेळ मी कधी कुणाला दिली नाही,” तो हळूच म्हणाला. “वाटायचं, थोडा वेळ थांबाल.”

“एकदा म्हणायचं तरी!”

“धीरच झाला नाही.”

सोमवारी तो गेला. संध्याकाळी आईबरोबर पानं वाढत होते, तेवढ्यात फोनवर त्याचा मेसेज आला. ‘पोचलो. खोली बरी आहे. तू जेवलीस का?’

“कोण गं?” आईने विचारलं.

त्या ‘तू’वर माझं बोट थांबलं. डोळे पुसत मी लिहिलं, ‘नाही अजून. तू?’