ताईच्या श्वासामागचा श्वास

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे, खाली रस्त्यावर माणसं येत-जात असतानाची.

माझी ताई ऑडिओ पुस्तकं वाचते. ती तिच्या घरी रेकॉर्ड करते, मी माझ्या घरी बसून ते साफ करतो. चुका काढायच्या, खोकला काढायचा, खुर्चीची करकर काढायची.

आणि श्वास.

वाचणाऱ्याचा श्वास ऐकणाऱ्याला नको असतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटणच आहे. फाइल आली की मी आधी ते दाबतो आणि मग ऐकायला बसतो.

भाऊजी गेले आणि ताईनं स्वतःला कामात गाडून घेतलं. भाऊजी म्हणजे देवमाणूस. लहानपणी नाक मोडलेलं, त्यामुळे श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. आम्ही त्यांना किटली म्हणायचो. तेही हसायचे.

त्यांच्या कपड्यांच्या कपाटात बसूनच ती वाचायची. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. त्यांचे कोट तिनं तसेच ठेवले होते.

पुस्तक होतं व्हॅम्पायरच्या जुन्या कथांचं. प्रस्तावना वाचून झाली आणि तिचा फोन आला.

"अरे, तो काळा झगा, ती गढी, ती सरदारकी, सगळं लेखकांनी नंतर दिलं रे त्याला. मूळचा तो साधा गावातला माणूस. मेलेला. आणि आधी आपल्याच घरी यायचा."

मी म्हटलं, म्हणजे मेल्यावरही बायकोची सुटका नाही.

ती हसली नाही.

पहिल्याच कथेत एक विधवा दार उघडते आणि म्हणते, "बाहेर का उभे? आत या ना." ते वाक्य ताईला जमेना. तिनं ते पुन्हा पुन्हा म्हटलं. शेवटी डोळे मिटून भाऊजींनाच म्हटलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

फाइलमध्ये ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेच वाचन मी ठेवलं.

त्यानंतर ताई खंगत गेली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी होतंय, पण कुठून जातंय ते कळत नाही. रक्त चढवलं की चार दिवस बरी, मग पुन्हा पांढरीफटक. मी भीत भीत तिची मानही पाहिली. काही नव्हतं.

मग एका दुपारी सॉफ्टवेअर बिघडलं. ते बटण चालेना. पहिल्यांदाच मी तिची फाइल तशीच ऐकली.

ताई एक वाक्य वाचते. थांबते. श्वास घेते.

आणि मग...

आणखी एक श्वास.

बारीक शिट्टी वाजणारा.

मी मागच्या सगळ्या मूळ फाइली उघडल्या. "आत या ना" या वाक्यापर्यंत फक्त ताईचा श्वास होता. त्यानंतर दुसराही. आधी लांबून, मग जवळून. शेवटच्या फाइलीत तो चांगला भरदार झाला होता आणि ताईचा अगदी धाग्याएवढा उरला होता. इतके दिवस मी तो ऐकण्याआधीच पुसत होतो.

मी धावत तिच्याकडे गेलो. ती कपाटाच्या दाराशी बसली होती. सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "माहीत आहे मला. मी हेडफोन लावूनच वाचते ना."

"ताई, तू मरशील."

"भुकेला माणूस आहे रे तो. कसं हाकलू?"

मी तिथेच ते पुस्तक चाळून काढलं. आत बोलवायचं वाक्य जवळजवळ प्रत्येक कथेत होतं. बाहेर काढायचं एकाही कथेत नव्हतं.

मी तिला उचलूनच माझ्या घरी आणलं. माइक नाही, कोट नाहीत, काही नाही. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. दार उघडून ती म्हणाली, "अहो, बाहेर का उभे? सगळे आत या ना."

ताईला झोपवल्यावर तिनं मला विचारलं, "ते मागे जिन्यात कोटवाले कोण होते? आत आले नाहीत का?"

जिन्यात आमच्यामागे कोणी नव्हतं.

ताई सुधारली. जेवायला लागली, गालांवर रंग आला. मी सुटकेचा श्वास सोडला.

पण आता बायको दुपारची झोपते. पूर्वी कधी झोपायची नाही. थकवा आहे, म्हणते. तिचे ओठ पांढरे पडलेत. डॉक्टर तेच, उत्तरही तेच.

काल ती झोपली असताना मी उशाशी माइक ठेवला. ऐकायचं धाडस मला झालं नाही. ताईनं माझ्या हातातून हेडफोन घेतले. बराच वेळ ऐकलं.

मग हळूच विचारलं, "आता मला ओळखत नाहीत का रे ते?"

आतल्या खोलीत बायको अजून झोपलेली होती.